एकदाच ऐकू आलेला ग्रह

रिम्मा युखिमिव्हना आमच्या केंद्रावर पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शिडीवर होतो. खालून त्यांनी केंद्रप्रमुखांना विचारलं, "हा पडला तर दुसरा कोणी आहे का?" मला राग आला. पुढे ओळख वाढल्यावर कळलं की त्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरीच चौकशी होती. त्यांना त्या आठवड्यात चारशे खांब तपासून हवे होते आणि ते काम येणारा माणूस मी एकटाच होतो.

मी किरिलो देर्काच. आमचं गाव खार्कीव्हहून दीड तासावर. गावाबाहेर गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांमध्ये आमचं रेडिओ केंद्र. दुर्बीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नळी येते, नाहीतर मोठी थाळी. आमच्याकडे होते दोन हजारांवर खांब आणि प्रत्येक खांबावर तारांचा आडवा लांबट पिंजरा, आत माणूस सहज झोपेल एवढा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी मासे धरायच्या टोपल्या रांगेने वाळत घातल्यात. माझ्या वडिलांनी ते खांब उभे केले, मी ते सांभाळले. गंज खरवडायचा, सुटलेली तार जोडायची, पिंजऱ्यात पक्ष्यानं घरटं केलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. मला तारा कळायच्या, त्यांना तारे. एवढ्यावर आमचं तेरा वर्षं उत्तम चाललं.

माझी बायको लिदा केंद्रावर दुपारचं जेवण रांधायची. २००९ साली, त्या आल्या त्याच उन्हाळ्यात, एकदा बोर्श, म्हणजे बीटाचं सूप, खाताना मी विचारलं, "रिम्मा युखिमिव्हना, तुम्ही नेमकं काय शोधताय?"

"आवाज."

"कोणाचा?"

"ग्रहाचा. आपला गुरू आहे ना, तो ओरडतो. म्हणजे त्याच्यातून रेडिओच्या लहरी निघतात, आपल्या या खांबांना सहज पकडता येतील अशा. का, तर त्याच्या पोटात चुंबक आहे. आता बाकीच्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडलेत. त्यांतला एखादा तरी ओरडत असेल."

"आणि ओरडला तर?"

"तर कळेल, की त्यालाही चुंबक आहे. चुंबक असला की कवच असतं, कवच असलं की हवा टिकते."

"आणि हवा टिकली की?"

"ते पुढचे लोक बघतील. मला फक्त एकाचा आवाज ऐकायचाय."

लिदा पातेलं घासत होती. म्हणाली, "एवढ्या लांबून कोणी ओरडलं तर यांना ऐकू येणार! मी घरातून ओरडते ते अंगणात येत नाही."

रिम्मा युखिमिव्हना हसल्या. त्या फारशा हसत नसत. उंच, सडपातळ बाई, केस कानापर्यंत कापलेले, नवरा वारल्यापासून शहरात एकट्या राहायच्या. आठवड्यातले चार दिवस केंद्रावर, तीन दिवस शहरात. त्यांच्याकडे सत्तावीस ताऱ्यांची यादी होती आणि एक जाड वही. यंत्रं रात्री ऐकत आणि नोंद करून ठेवत. त्या सकाळी नोंद तपासत आणि वहीत लिहीत. तारीख, ताऱ्याचा क्रमांक, आणि पुढे एक शब्द: नाही.

अकरा वर्षं मी ती वही बघितली. तुर्कस्तानातला निवेदक ऐकू आला, वादळातली वीज ऐकू आली, कोणा ट्रकचं बिघडलेलं इंजिन ऐकू आलं. ग्रह नाही. मध्ये त्यांच्याकडे यारिना नावाची एक विद्यार्थिनी आली, हुशार, बोलघेवडी. सात वर्षं काम करून ती फ्रान्सला गेली. तिथे नवी, मोठी दुर्बीण उभी राहत होती. जाताना रडली. रिम्मा युखिमिव्हना तिला म्हणाल्या, "रडतेस काय, आकाश तेच आहे." आणि ती गेल्यावर दोन दिवस जेवायला आल्या नाहीत.

२०२१च्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी मला यंत्रांच्या खोलीत बोलावलं. कोट अंगावर तसाच होता, चहा गार झालेला.

"किरिलो, काल उत्तरेच्या रांगेत काही सुटलं होतं का?"

"नाही. परवाच सगळं बघितलंय."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. काही सुटलेलं नव्हतं. मग त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. आमची दुर्बीण एका वेळी दोन कान लावते, एक ताऱ्याकडे, दुसरा जरा बाजूला. गावातला खडखडाट दोन्ही कानांत येतो. इथे पडद्यावर एका बाजूला तिरक्या रेघा होत्या, पावसाच्या सरीसारख्या, अडतीस मिनिटं. दुसरी बाजू कोरी. तारा सव्वीस नंबरचा. स्वाती नक्षत्राजवळचा एक फिका तारा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्याच्याभोवती गुरूहून मोठा ग्रह तीन दिवसांत एक फेरी मारतो.

मी म्हणालो, "सापडला की!"

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "आता तो खोटा आहे हे दाखवायचंय. चल गावात."

तीन दिवस आम्ही दोघं घरोघरी फिरलो. एकसष्ट घरं. त्या रात्री कोणी वेल्डिंग केलं का, कोणाच्या कुंपणात वीज सोडली होती का, नवं यंत्र, नवा चार्जर, काही. मोत्रिया आजी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय शोधताय म्हणालात?"

"ग्रह, आजी," मी म्हणालो.

"आणि तो माझ्या गोठ्यात आलाय?"

"आला असेल तर बघायला नको का?"

"बघा बाबा. गाय लाथ मारते, ग्रहाला सांगा."

गोठ्यात दूध काढायचं यंत्र होतं. रिम्मा युखिमिव्हना ते सुरू करायला लावून तिथेच बसल्या, मी केंद्रावर जाऊन फोनवर सांगितलं, काही नाही. एकसष्ट घरांत काही नाही. विमानतळाला विचारलं, रेल्वेला विचारलं. मग त्या थकून आमच्याच ओट्यावर बसल्या आणि लिदानं दिलेला खारवलेला टोमॅटो खाता खाता म्हणाल्या, "मला खोटा ठरवता येत नाहीये." मी त्यांच्या आवाजात भीती ऐकली. आनंद म्हणावा तर तसा नव्हता.

यारिनाला फोनवर कळलं तशी ती ओरडायला लागली. "बाई, छापा! आजच लिहायला घ्या! जगात कोणालाच अजून असं सापडलेलं नाही!"

"एकदाच दिसलं म्हणजे अजून दिसलं नाही, यारिना."

"पण दुसऱ्या कोणी आधी छापलं तर?"

"तर त्याला दोनदा दिसलेलं असेल. बरं होईल."

ती नोंद फार मोठी होती, तारेवरून पाठवता येण्याजोगी नव्हती. त्यांनी दोन डिस्कवर दोन प्रती केल्या. एक शहरात, स्वतःच्या घरी, सातव्या मजल्यावर पुस्तकांच्या कपाटात. दुसरी केंद्रावर, टेबलाखाली, एका राखाडी पत्र्याच्या डब्यात. तो डबा मीच बनवला होता, झाकणाला रबरी पट्टी लावून, धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. त्यावर त्यांनी लाल रंगानं मोठ्ठा सव्वीस लिहिला.

सव्वीस नंबर ऐकायचे दिवस म्हणजे हिवाळ्याचा शेवट. त्या वसंतात पुन्हा काही आलं नाही. पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत सहा वेळा ऐकलं, काही नाही. सातव्या वेळेसाठी त्या तेवीस फेब्रुवारी २०२२ला केंद्रावर आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तोफांच्या आवाजानं आमच्या खिडक्या थरथरल्या. आठ वाजता त्या पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. "नोंद झालीय," त्या म्हणाल्या. "पण धक्क्यांनी खराब झालीय." त्यांना वाटलं होतं की त्या संध्याकाळच्या गाडीनं घरी जातील.

सीमेपलीकडचे सैनिक तिसऱ्या दिवशी गावात आले आणि त्यांनी केंद्रातच तळ टाकला. उंच जागा, पक्की इमारत, भोवती मोकळं रान. रिम्मा युखिमिव्हना आमच्याकडे राहिल्या. मार्चमध्ये, फोन बंद पडायच्या आधी, शहरातल्या शेजारणीनं कळवलं की त्यांच्या इमारतीचे वरचे चार मजले जळाले. त्यांनी फोन ठेवला आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "म्हणजे आता एकच प्रत." घराबद्दल, नवऱ्याच्या फोटोंबद्दल एक शब्द नाही. लिदा चुलीकडे तोंड करून रडली, जणू घर तिचंच होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्या डोक्याला रुमाल बांधून निघाल्या. मी विचारलं कुठे. म्हणाल्या, "डबा आणायला." अडवून ऐकणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, म्हणून मीही गेलो.

फाटकावर वाळूची पोती रचलेली. अधिकारी बाहेर आला, चाळिशीतला, डोळे झोपेनं सुजलेले, हातात लिदाच्या स्वयंपाकघरातला निळा कप.

"काय पाहिजे, आजी?"

"आत माझ्या टेबलाखाली एक राखाडी डबा आहे. तेवढा द्या."

"काय आहे त्यात?"

"नोंद."

"कसली? इथून कोणाचं ऐकत होतात? आमचं?"

"तुमचं ऐकायला एवढे खांब कशाला लागतील? ग्रहाचं ऐकत होतो."

"कुठल्या ग्रहाचं?"

"त्याला नाव नाही. लांब आहे."

तो हसला. मागच्या दोन पोरांकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? ग्रहाचं!" मग त्यांच्याकडे वळून, "आणि काय म्हणाला तो?"

"तेच त्या डब्यात आहे. मला अजून नीट कळलेलं नाही."

"घरी जा, आजी. पुन्हा आलात तर या तुमच्या माणसाला इथेच ठेवून घेईन."

ते ऐकल्यावर त्या लगेच वळल्या. वाटेत मला म्हणाल्या, "तू कशाला आलास?"

"तुम्ही पडलात तर दुसरं कोणी आहे का?" मी म्हणालो.

त्यांना तो पहिला दिवस आठवला की नाही, ठाऊक नाही. पण अर्धा रस्ता त्यांनी माझा दंड धरला होता.

सप्टेंबरात ते सैनिक दोन दिवसांत निघून गेले. जाताना इमारतीला आग लावली. आम्ही गेलो तेव्हा भिंती काळ्या, छत कोसळलेलं, यंत्रांच्या खोलीत राख. रानात खांब आडवे पडलेले, पिंजरे चिरडलेले, जमिनीतल्या केबली उपटून नेलेल्या. आणि सगळीकडे सुरुंग. सुरुंग काढणाऱ्या पथकाचा प्रमुख झोरियान नावाचा तरणा माणूस होता. त्यानं लाल-पांढरी फीत लावली आणि म्हणाला, "या वाटेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. वाट स्वच्छ आहे, बाकी काही नाही."

त्या वाटेवर उभं राहून मी त्याच्या दुर्बिणीतून बघितलं तर पूर्वेच्या रांगेत, पडलेल्या खांबाशेजारी, कागदांच्या आणि तुटक्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात राखाडी पत्रा. त्यावर लाल सव्वीस. चाळीस-पंचेचाळीस पावलांवर.

"झाकण बंद आहे," मी म्हणालो. "रबर शाबूत असेल."

रिम्मा युखिमिव्हनांनी दुर्बीण घेतली. खूप वेळ बघत राहिल्या. झोरियान म्हणाला, "आधी घरं, शाळा, रस्ते. हा भाग वसंतात घेऊ."

"वसंतात घ्या," त्या म्हणाल्या. "एवढा थांबला, अजून थांबेल." मग मला, "किरिलो, ऐकलंस ना? वसंतात."

मी मान हलवली. पण हिवाळा येत होता, बर्फ पडणार, वितळणार, पत्र्याखाली पाणी शिरणार. एका रबरी पट्टीवर कितीसा भरवसा ठेवायचा? माझ्याच हातची होती, म्हणून तर मला तिची खोड माहीत होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, या रानातला दगड न् दगड मला माहीत आहे. केबलीच्या चराला सिमेंटची झाकणं आहेत, त्यांवरून गेलं की झालं. माझं रान मला काय करणार?

ऑक्टोबरच्या तेरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी गेलो. झाकणांवरून नीट गेलो. डबा उचलला. हलका होता, आत पाण्याचा आवाज नाही. काखेत धरून परत फिरलो. वाटेपासून आठ पावलांवर एक झाकण फुटलेलं होतं, म्हणून मी बाजूच्या गवतात पाय ठेवला.

आवाज मला आठवत नाही. मी पाठीवर पडलो होतो आणि वर राखाडी आभाळ होतं. डावा पाय घोट्यापासून नव्हता. डबा कुठेतरी उडाला होता. मग वाटेवरून हाक आली. रिम्मा युखिमिव्हना घरापासून माझ्या मागे मागे आल्या होत्या.

"येऊ नका!" मी ओरडलो.

"येत नाही. पट्टा काढ. गुडघ्याखाली बांध. घट्ट. अजून घट्ट. निघतानाच लिदाला पाठवलंय पथकाकडे. माझ्याकडे बघ."

"झोप येतेय."

"झोपायचं नाही. चारशे बारा नंबरच्या खांबाचा जोड कधी बदललास?"

"...दोन हजार सोळा."

"महिना?"

"मे. घरट्यामुळे थांबलो होतो."

"कुठल्या पक्ष्याचं?"

अशी वीस मिनिटं त्या मला खांब विचारत राहिल्या. आठशे तीन. बाराशे पन्नास. उत्तरेचा शेवटचा. मी उत्तरं देत राहिलो. झोरियानची माणसं सळया टोचत टोचत पोचली तोवर मी सहाशेच्या रांगेत होतो. आजवर कोणी माझी केलेली ती सगळ्यात लांब चौकशी.

पाय गुडघ्याखालून गेला. दोन महिने दवाखान्यात काढले. पथकानं डबा उचलून रिम्मा युखिमिव्हनांना दिला आणि त्यांनी तो ल्विव्हमार्गे यारिनाकडे पाठवला. फ्रान्समध्ये जळालेल्या, बुडालेल्या डिस्कमधून नोंदी काढणारी माणसं असतात. डिसेंबरात त्या माझ्या खाटेशेजारी येऊन बसल्या.

"निघालं का काही?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

त्या खिडकीकडे बघत होत्या. "पाणी गेलं होतं आत. उन्हाळ्यातच. सगळं गंजलं होतं."

"म्हणजे त्यांनी फेकला तेव्हाच गेला."

"हो. तेव्हाच."

मी त्या सैनिकांना तोंडाला येईल ते बोललो. रिम्मा युखिमिव्हनांनी मला मध्येच थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, "मी तुला वसंतात म्हटलं होतं." आणि माझ्या पांघरुणाची कड नीट केली.

त्यांच्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती, त्या सकाळी काढून ठेवलेलं एक चित्र, एका कागदावर छापलेलं. तिरक्या रेघा. यारिनानं फ्रान्समधून सव्वीस नंबर ऐकायला घेतला. २०२३चा वसंत, मग २०२४चा. तिची दुर्बीण आमच्याहून बारीक ऐकायची. प्रत्येक वेळी ती फोन करायची आणि लिदा फोन मोठ्यानं लावायची.

"काही नाही, बाई."

"किती वेळ ऐकलंस?"

"सगळं मिळून तीनशे तास."

"ग्रहाची सगळी फेरी झाली?"

"तीन-तीनदा झाली. नाही काही."

२०२४च्या जूनमध्ये एका दुपारी त्या आमच्या टेबलावर यारिनाचं पत्र वाचत होत्या. ती आता निबंध लिहिणार होती, सत्तावीस तारे, दोन्ही दुर्बिणी, पंधरा वर्षं. तिनं विचारलं होतं, २०२१ची नोंद कशी लिहू? त्यांनी पेन्सिलनं उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "ती लिहायची नाही. सव्वीस नंबरपुढे बाकीच्यांसारखंच लिही, आढळलं नाही."

मी कुबडी घेऊन उभा राहिलो. "म्हणजे?"

"म्हणजे आढळलं नाही."

"मी डोळ्यांनी बघितलंय! एकसष्ट घरं फिरलोय आपण!"

"मूळ नोंद नाही. कोणाला तपासता येणार नाही. पुन्हा कधी आलं नाही. मग ती गोष्ट झाली, किरिलो. गोष्टी छापत नाहीत."

"चित्र आहे ना!"

"चित्र मीही काढू शकते."

"आणि हे?" मी पँटीचा दुमडलेला पाय दाखवला. "हे कशासाठी गेलं? आढळलं नाही यासाठी?"

लिदा मध्ये पडली, "अहो, बसा तुम्ही आधी," पण मी बसलो नाही.

रिम्मा युखिमिव्हना पांढऱ्याफटक पडल्या होत्या. हळू म्हणाल्या, "तुझ्या पायानं ती नोंद खरी होत नाही. मला वाटलं असतं होईल, तर मी आत्ता लिहिलं असतं."

"तुम्हाला माणसं कळत नाहीत," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून नाही कळली."

त्यांनी पत्राची घडी घातली. चौथ्या दिवशी त्या पोल्ताव्हाला भाचीकडे निघून गेल्या. जाताना लिदाला मिठी मारली. मी शेडमध्ये होतो. बाहेर आलो नाही. पुढे त्यांनी दोनदा फोन केला. लिदा बोलली. मी हातानं खूण केली, मी घरात नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला. हृदय. सकाळी चहा करता करता गेल्या. आम्ही बसनं पोल्ताव्हाला गेलो. जमीन इतकी गोठलेली, की खड्डा खणणाऱ्यांनी आदल्या दिवशीपासून जाळ लावून ठेवला होता. माणसं बारा-तेरा. यारिना फ्रान्सहून पोलंडमार्गे दोन दिवस प्रवास करून आली होती, डोळे सुजलेले. नंतर भाचीच्या घरी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना मधातले शिजवलेले गहू वाढले. यारिना माझ्याशेजारी बसली.

"किरिलो काका, तुम्ही भांडला होतात ना?"

"हो."

"त्या मला दर फोनला विचारायच्या, किरिलोचा पाय कसा बसतोय, नवा आलाय का."

मी ताटली खाली ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "त्या डब्याला माझ्याच हातचं रबर होतं. पाणी गेलं नसतं तर आज सगळं वेगळं असतं."

ती माझ्याकडे बघायला लागली. "पाणी? पाणी कुठे गेलं होतं? आत तर ठणठणीत कोरडं होतं. झाकण काढताना त्या माणसानं तुमच्या रबराचं कौतुक केलं होतं. तो तुकडा आरपार गेला म्हणून तर..."

ती थांबली. पण उशीर झाला होता.

"कुठला तुकडा?"

"काका, जाऊ दे."

"कुठला तुकडा, यारिना?"

"सुरुंगाचा," ती म्हणाली. "भोक ताजं होतं. कडांना गंज नव्हता. त्यांनी लिहून दिलं होतं की हे त्या दिवशीचंच. बाईंनी तो कागद वाचला आणि मला सांगितलं, किरिलोला यातलं काही कळता कामा नये. मला वाटलं नंतर त्यांनी सांगितलं असेल."

ऑक्टोबरच्या तेरा तारखेपर्यंत ती नोंद शाबूत होती. वसंतापर्यंत राहिली असती. झोरियाननं पुढच्या एप्रिलमध्ये पूर्वेची रांग साफ केली, एकाही माणसाला इजा न होता. म्हणजे त्या सैनिकांनी ती नुसती फेकली होती. तिचा नाश माझ्या काखेत झाला.

आणि त्या भांडणाच्या दिवशी, मी पाय दाखवून ओरडत होतो, माणसं कळत नाहीत म्हणत होतो, तेव्हा त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचा अवकाश होता, नोंद तुझ्याच हातून गेली. मी जन्मभर गप्प बसलो असतो. अकरा वर्षं ज्या बाईनं वहीत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तिनं मला पाणी सांगितलं आणि ते पाणी ती शेवटपर्यंत धरून बसली.

बसमध्ये लिदानं विचारलं, "काय म्हणत होती यारिना?" मी म्हणालो, "प्रवासाचं." लिदा अजून सणावाराला त्या सैनिकांना शिव्या घालते, माझ्या पायासाठी वेगळ्या आणि डब्यासाठी वेगळ्या. मी ऐकून घेतो.

यारिनाचा निबंध उन्हाळ्यात आला. तिनं छापील प्रत पाठवली. भाषा मला येत नाही, पण तक्ता कळतो. सत्तावीस ओळी. सव्विसाव्या ओळीत तोच शब्द, जो पंचविसाव्या आणि सत्ताविसाव्या ओळीत आहे. रिम्मा युखिमिव्हनांच्या नावाभोवती काळी चौकट.

या शरदात तालुक्याचा एक माणूस आला. दक्षिणेची रांग आता सुरुंगमुक्त झालीय. केंद्र पुन्हा उभं करायची कोणाची योजना नाही, तेव्हा जमीन सूर्यफुलांना द्यायची ठरली आहे. ट्रॅक्टरचे फाळ तुटू नयेत म्हणून खांबांचे सिमेंटचे पाय कुठे कुठे आहेत ते कोणालातरी दाखवायला हवं होतं. लोकांनी माझं नाव सांगितलं. मी नवा पाय बांधून गेलो. तीन दिवस त्याच्याबरोबर फिरलो, तो खुंट्या ठोकत होता आणि मी नंबर सांगत होतो.

"सगळे तोंडपाठ आहेत की तुम्हाला," तो म्हणाला. "काय ऐकायचात हो इथे?"

मी म्हणालो, "काही ऐकू आलं नाही," आणि पुढचा नंबर सांगितला.